डावा पीळ

बायकोचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेकानं वलणीवरचं घोंगडं खाली ओढलं. मयताच्या अंगावरचं पांघरूण घरात ठेवत नाहीत. नदीला सोडतात, नाहीतर कुणाला देऊन टाकतात. ही रीत मला कुणी शिकवायची गरज नाही. आईबापाची पांघरुणं मीच माझ्या हातानं घराबाहेर काढली होती. तरी मी म्हटलं, "ठेव जाग्यावर."

लेक म्हणाला, "आबा, घरातनं जायाचंच हाय ते. मग नदीत कशाला? ती पुण्याची बाई मागतीया, तिला देऊ."

ही पुण्याची बाई मोठ्या कंपनीची नव्हे. स्वतःच्या डोक्यानं उशांचे अभ्रे, पडदे, भिंतीवर लावायची कापडं करते आणि विकते. जुन्या नक्षा बघत गावोगाव हिंडते. बायको आजारी असताना ती आमच्याकडे येऊन गेली होती. घोंगड्याचे पट्टे बघून खाली बसली, हात लावू का म्हणून विचारलं, मग लावला. माणूस म्हणून चांगली आहे. पण तिच्या भिंतीवरच्या कापडाला एक चिठ्ठी लावलेली असते, तशी एक तिनं या घोंगड्यासाठीही लिहून पाठवली होती. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, अक्षराला अक्षर जोडून वाचतो, लिहितोही तसंच. वाचलं. 'इंदापूर भागातील पारंपरिक नक्षी.'

पारंपरिक म्हणजे सगळ्यांची. म्हणजे कुणाचीच नाही.

साफ खोटं आहे. ती नक्षी एका बाईची आहे, आणि ती बाई माझी होती. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. तिनं जन्मात माझं नाव घेतलं नाही, 'अवं' आणि 'ऐकलं का' यावर सगळा संसार केला, मग मीच कशाला मोडू. पण ती नक्षी कशी झाली ते सांगणार आहे. ज्याला आवडणार नाही त्यानं वाचू नये.

आम्ही घोंगडी विणणारे. इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याच्या अंगाला आमचं गाव. स्वातंत्र्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील तेव्हा माझं लग्न झालं. आई आधीच गेली होती. घरात बाप आणि मी. घोंगड्याच्या कामात बाईचा हात लागतोच: लोकर निवडायची, सूत काढायचं, चिंचोके शिजवून खळ करायची, ती सुताला चोळायची, आणि घोंगडं मागावरून उतरलं की टोकाला लोंबणाऱ्या सुतांना पीळ देऊन दशा वळायच्या. माग मात्र गड्याचा. बाईमाणसानं मागाच्या खड्ड्यात पाय ठेवायचा नाही, असा आमच्यात नेम. आई गेल्यावर दशा बापच वळायचा आणि बोटं दुखली की मला शिव्या द्यायचा. म्हणजे सून आणली ती दशा वळायलाच म्हणा ना.

आणि ती निघाली डावरी.

पहिल्या दिवशी बापाच्या ताटात तिनं डाव्या हातानं भाकरी टाकली. बापानं ताट सरकवलं. "बारामतीकडची माणसं डाव्यानं वाढत्यात व्हय?" तिनं भाकरी उचलली आणि उजव्या हातानं परत वाढली. त्या दिवसापासून मरेपर्यंत वाढायला तिनं डावा हात वापरला नाही. पण दशा उजव्या हातानं वळता येईनात. केलं तिनं, चांगलं आठ दिवस केलं. मांडीवर सूत ठेवायचं, उजव्या तळव्यानं लोटायचं. संध्याकाळी वळलेलं सकाळी उलगडलेलं असायचं. शेवटी बाप शेताकडं गेला की ती डाव्यानं वळायला लागली. पीळ उलटा बसायचा, पण असा कडक की ओढून बघा. मला दिसत होतं. मी बोललो नाही. बापाची नजर अधू होत चालली होती, कळणार नाही असं वाटलं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता बापाला ताप भरला. पंधरा दिवस खाटेवर. घरात लोकर पडून होती. काळी बरी होती, पण तांबूस आणि पांढरी भरपूर. काळ्याला भाव, म्हणून बाप तांबूस लोकर बैलाच्या पाठीवरच्या झुलीला वापरायचा. ती एका दुपारी म्हणाली, "अवं, हे सूत मी येगळं काढलंय. याचं पट्टं घालू या का?"

"घोंगडं हाय का वाघ?" मी म्हणालो.

"हितं या."

तिनं मला घराच्या मागं नेलं. मागं दुसऱ्याचा ऊस होता, नवी लागण. पाणी देणारा गडी सऱ्यांत पाणी सोडत होता. ती म्हणाली, "बघा. पाणी भरल्याली सरी पांढरी. भिजल्याली माती काळीभोर. कोरडा वरंबा तांबडा. आन पाणी काय मोजून जातंय व्हय? कुठं दोन सऱ्या भरल्यात, कुठं एक, कुठं अर्धीच. तसं घालायचं."

मी जन्मभर त्या उसाकडं पाठ करून परसाकडला गेलेला माणूस. मला तिथं पाणी दिसत होतं, पट्टे दिसत नव्हते.

मागाच्या खड्ड्यात मी बसलो. ती काठावर, पाय अलीकडं घेऊन. नेम मोडला नाही तिनं. पण तिथून तिनं मला असं राबवलं की काय सांगू. "आता काळं. व्हऊ द्या काळं. अजून. थांबा. पांढरी कांडी घाला धोट्यात. दोनच फेरं. दोन म्हणलं ना!" मी तिसरा फेरा टाकला की उसवायला लावायची. एकदा मी म्हणालो, "एका फेऱ्यानं काय बिघडतंय?" तर म्हणाली, "भाजीत एका मुठीनं काय बिघडतंय, मिठाच्या?" पंधरा दिवसांत सहा घोंगडी झाली. सहाही वेगळी. सहांच्याही दशा तिच्या, डाव्या पिळाच्या.

बाप उठला. काठी टेकत मागाजवळ आला आणि घोंगडी उन्हात नेऊन बघितली. बराच वेळ बघितली. मग विचारलं, "हे पट्टं कुणी घातलं?"

ती दारात उभी होती. मी म्हणालो, "म्या."

का म्हणालो? तिला बोलणी बसू नयेत म्हणून, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. बापाच्या चेहऱ्यावर कौतुक दिसलं होतं. बापाचं कौतुक मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. घेतलं उचलून.

"डोस्कं हाय की तुला," बाप म्हणाला. मग त्याची बोटं खाली सरकली. नजर अधू होती, बोटं नव्हती. दशा चाचपल्या. दुसऱ्याच्या चाचपल्या. सहाही. "आन हा उलटा पीळ कुणाचा?"

यावर मला 'माझा' म्हणता आलं नाही. पट्ट्यांचं कौतुक माझ्या वाट्याला आणि पिळाच्या शिव्या तिच्या वाट्याला. बाप म्हणाला, ही घोंगडी लोक देवाखाली अंथरतात, घट बसवतात त्यावर, त्याला डाव्या हाताचं काम चालत नाही. खुंटीवरची कात्री माझ्या हातात दिली. "दशा काप समद्या. म्या परत वळतो."

मी एक कापलं.

हे लिहायला नको वाटतं, पण लिहितो. एका घोंगड्याच्या एका टोकाच्या दशा मी कराकरा कापल्या, तिच्या देखत. घोंगड्याच्या दशा म्हणजे शोभा नव्हे. त्या गेल्या की कडेचं सूत सुटायला लागतं. हे मला माहीत होतं, बापाला माहीत होतं. परत वळायला सूत उरलंच नाही. दोन धागे माझ्या डोळ्यांदेखत सटकले.

ती आली आणि माझ्या हातातली कात्री काढून घेतली. डाव्या हातानं. बापाकडं बघून म्हणाली, "मामंजी, आता बाकीच्या पाचांला हात लावायचा न्हाय. बाजारात न्या. लोकांनी न्हाय घेतली तर मग बोला."

सासऱ्यापुढं सुनेनं तोंड उघडायचे ते दिवस नव्हते. बापानं काठी आपटली. म्हणाला, "व्हय? मग ऐक. तूच चल बाजाराला. एकानं जरी डावा पीळ बघून घोंगडं घेतलं, तर तुझा हात मोकळा. न्हाय घेतलं, तर परत लोकरीला शिवायचं न्हाय. खुरपं घ्यायचं आन दुसऱ्याच्या उसात जायाचं."

"चालंल," ती म्हणाली.

माझ्याशी मात्र बोलली नाही. बाजारापर्यंत चार दिवस होते. चार दिवस मला भाकरी उजव्या हातानं वाढली आणि एक शब्द टाकला नाही. कापलेलं घोंगडं तिनं घडी करून फडताळात ठेवलं.

बारामतीला गूळ घेऊन जाणारी एक गाडी मिळाली. गुळाच्या ढेपांवर बाप, मागं मी, आणि ती पाच घोंगडी मांडीवर घेऊन. रस्ता कालव्याच्या कडेकडेनं. सकाळच्या उन्हात कालवा भरून वाहत होता आणि ठिकठिकाणी धनगरांची मेंढरं पाण्याला उतरली होती. ती त्यांच्याकडं बघत होती. मला वाटलं, लोकर बघतेय.

बाजारात आम्ही एका लिंबाखाली बसलो. पट्ट्यांनी माणसं ओढली, हे खरं. चार जण थांबले, दहा थांबले. "ही काय नवी तऱ्हा?" "ह्ये पांघरायचं का तमाशाला बांधायचं?" "आरं, छान दिसतंय की, तुझ्या बायकूच्या लुगड्यापरीस!" हसले. पण हातात घेऊन दशेपर्यंत पोचले की एकमेकांकडं बघायचे. आणि माझा बाप, त्याचं बघा, कुणी दशेला हात लावला की आपणच सांगायचा, "डावा पीळ हाय बरं का, आधीच सांगतो." सचोटी म्हणा, दुसरं काही म्हणा.

दुपार झाली. एकही घोंगडं हललं नव्हतं.

मग एक म्हातारा धनगर आला. लाल पटका, मिशा पांढऱ्या, मागं त्याच्या वाड्यावरची, म्हणजे मेंढरांच्या तळावरची, पाच-सहा माणसं. बाप त्याला ओळखत होता, बरीच वर्षं लोकर त्याच्याकडूनच यायची. त्यानं घोंगडं खांद्यावर टाकलं, डोक्यावरून घेऊन बघितलं, एका टोकाला धरून झटकलं. "बेस हाय," म्हणाला. मग दशा हातात घेतल्या आणि मान हलवली. "हे कुणाचं काम?"

"सुनंचं," बाप म्हणाला. "डावरी हाय."

"मग न्हाय बाबा. आमच्यात घोंगड्यावर देव बसतोय. डावं चालायचं न्हाय."

त्यानं घोंगडं घडी करायला घेतलं. आता संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात ती बोलली.

"तात्या, एक इचारू?"

"इचार की, पोरी."

"मेंढरं पाण्याला कुठं नेता?"

"कुठं म्हंजी? कालव्याला."

"कंच्या कालव्याला?"

"आगं, हितं कालवा हाय कंचा? नीरंचा डा..." म्हातारा थांबला.

"का थांबला? बोला की, डावा! डावा कालवा! त्या डाव्या कालव्यावर ऊस होतोय, गूळ होतोय, ह्यो समदा बाजार त्याच्यावर भरलाय. त्याच पाण्यानं देवाला आंघूळ घालता. तितं देवाला डावं चालतंय, आन माझा पीळ तेवढा बाटतोय?"

लिंबाखाली जो हशा उठला तो मला अजून ऐकू येतो. पलीकडचा गुळवाला ओरडला, "तात्या, आता उजव्या कालव्याला मेंढरं हाका! जावा नदीपल्याड!" धनगराची माणसंही हसली. माझा बाप जमिनीकडं बघत होता.

म्हातारा मात्र हसला नाही. म्हणाला, "तोंडाची तिखाट हायस. पण तोंड काय घोंगड्याला लागत न्हाय. पट्टं झ्याक हायत. पट्टं घालणाऱ्यानं दशा बी वळल्या असत्या तर आत्ता घेतलं असतं." आणि माझ्याकडं वळून बोलला, "मर्दा, एवढी कला हाय हातात, आन दशा बायकूवर सोडल्यास?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. ती सोडून. ती घोंगड्याच्या घड्या सारख्या करत होती. तेव्हा मला कळलं की ती चार दिवस कात्रीमुळं बोलत नव्हती असं नाही. ती 'म्या' या शब्दामुळं बोलत नव्हती.

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "तात्या, पट्टं माझं न्हायत. हिचंच हायत. मागावर मी बसलो, पण कंचा फेरा कंच्या रंगाचा, ते हिनं सांगितलं. मी बापाला खोटं बोललो. मला इचाराल तर मला त्यातलं कायबी कळत न्हाय."

"आँ?" बाप म्हणाला. त्याची काठी पडली. कुणीतरी मागून बोललं, "बायकूचा बैल!" पुन्हा हसले, या वेळी मला. हसू देत. हसण्यानं काय अंगाला भोकं पडत नाहीत.

म्हातारा धनगर खाली बसला. पट्ट्यावरून हात फिरवला, मग दशेवरून, मग पुन्हा पट्ट्यावरून. तिला विचारलं, "हे कशाचं काढलंस?"

"सरीला पाणी दिल्याचं."

"डाव्या कालव्याचं," तो म्हणाला, आणि आता कुठं त्याच्या मिशा हलल्या. "दे एक. पर देवासाठी न्हाय. मेंढरामागं हिंडताना माझ्या अंगावर घीन. देवासाठी येगळं दे, उजव्या पिळाचं."

मिळालं होतं ते गपचूप घ्यावं की नाही? पण ती ती होती.

"देवासाठी पायजे असंल तर देवाला पाठवा," ती म्हणाली. "त्याला मी डाव्या पिळाचंच दाखवीन. घेतो का बघू."

त्या दिवशी एकच घोंगडं विकलं. बाकीची चार परत आणली. दोन पुढं कधीतरी गेली, दोन घरातच वापरून संपली. आमचं नाव झालं, लोकांनी डोक्यावर घेतलं, असलं काही झालं नाही. पुढं साताठ वर्षांनी दोन-तीन गावांतले विणणारे तसे पट्टे घालायला लागले, पुण्याच्या बाईला जी 'परंपरा' दिसली ती तीच. पण बाप शब्दाला पक्का निघाला. परतीच्या गाडीत एवढंच म्हणाला, "उद्या लोकर येणार हाय. निवडून ठेव गं." त्यानंतर त्यानं तिच्या हाताबद्दल चकार शब्द काढला नाही. घोंगडं उतरलं की दशा चाचपायचा मात्र, प्रत्येक वेळी, आणि नाकानं फुस्स करायचा.

गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती. गावाचा फाटा आला तेव्हा म्हणाली, "अवं, पाय आकडला माझा. जरा सरका." चार दिवसांनी एवढंच. मी सरकलो.

ते कापलेलं घोंगडं आम्ही अंगावर घेतलं. दुसरं कोण घेणार. दर वर्षी कडेचा एखादा धागा सटकायचा आणि ती बसून राहिलेल्या सुतांना गाठ मारून पीळ द्यायची. मला म्हणायची, "तुमची करणी निस्तरतीय." अशी जन्मभर निस्तरली. घोंगडं वीतभर आखूड झालं. पाय बाहेर राहायला लागले तर ती म्हणाली, "तुमचे राहू द्या भाईर. माझे कशाला?" त्याच घोंगड्याखाली ती गेली. शेवटच्या आठवड्यात डावा हात हलत नव्हता. तो मी आत घ्यायचो, पांघरुणाच्या.

आणि आता म्हणतात, ते मयताचं आहे, बाहेर काढा.

काल लेक तिसऱ्यांदा घोंगडं न्यायला आला. बरोबर पुण्याची बाई, हातात ती चिठ्ठी. बिचारी संकोचली होती. म्हणाली, "बाबा, मी फार जपून ठेवीन. काचेच्या चौकटीत लावीन." मी म्हणालो, "बाई, अंगावर घ्यायचं असतंय ते. काचंत घालून कुणाला ऊब देणार?" तिला म्हणालो, पट्टे उतरवून घे, हवे तितके विण, विक, माझी ना नाही. पण दशा डाव्या पिळाच्या वळायच्या. आणि चिठ्ठीवरचं ते 'पारंपरिक' खोड. लिही, 'लासुर्ण्याच्या अंगाच्या एका डावऱ्या बाईची नक्षी.' तिनं तिथंच पर्समधून पेन काढलं आणि खोडलं. चांगली आहे म्हटलं ना.

लेक म्हणाला, "आबा, पर घोंगड्याचं काय? लोक नावं ठेवत्यात."

मी उठलो. घोंगडं ओट्यावर अंथरलं, कडेचे धागे सुटले होते त्यांतला एक धरला आणि पीळ द्यायला बसलो. उजव्यानं सवय, म्हणून उजव्यानं सुरू केलं. मग थांबलो. हात बदलला. डाव्यानं मला येत नाही, वेडंवाकडं झालं, दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा बसलं.

आता मी त्याच्यावरच बसलोय. ज्याला ते घराबाहेर काढायचं असेल त्यानं यावं आणि आधी मला उचलावं. अजून सहा धागे सुटलेले आहेत. माझं काम संपायचं आहे.